गिरणी चालू असेल त्या दिवशी निघा: सायकलवरून गावाकडचा इतिहास

"जागा बगाला आलाव काय?"

भिवंडी-कल्याणकडच्या खेड्यात चारचाकीतून उतरून कुणाला जुन्या देवळाबद्दल विचारलं, की आधी हाच प्रश्न येतो. त्यात गावकऱ्यांची चूक नाही. एकामागोमाग गोदामं उभी राहिली, बुलेट ट्रेनची मोजणी झाली, समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत येऊन पोचला. शेताचं जुनं नाव काय, विहीर कुणाची, बांधावरचा दगड कसला, असल्या चौकशा करणारा माणूस एक तर दलाल, नाही तर मोजणीवाला. मी पहिल्यांदा मित्राच्या गाडीने गेलो तेव्हा दोन तासांत चहा दोनदा मिळाला, माहिती शून्य. पुढच्या रविवारी तिथेच सायकलने गेलो. वाटेत चेन उतरली होती, हात काळे, तोंड लाल. पारावरच्या त्याच बाबांनी आधी हात धुवायला पाणी दिलं, एवढ्या लांबून सायकल हाणत कशाला आलात म्हणून हसले, आणि मग आपणहून उठून भाताच्या खाचरापलीकडे आडवा पडलेला कोरीव दगड दाखवला.

तेव्हापासून मी हा उद्योग सायकलनेच करतो. नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी इथे सगळं क्रमाने लिहितो. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो: देऊळ, लेणी, किल्ला ही यादी कुणीही काढेल. गाव बोलतं ते भाताच्या गिरणीवर. म्हणून फेरीचा दिवस देवळाच्या नाही, गिरणीच्या वेळापत्रकावर ठरवायचा.

आधी सायकल, पण फार नाही

नवी घेऊ नका. घरात आहे ती चालेल, फक्त टायर अगदी बारीक नको. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा टायर डांबरी रस्त्यालाही बरा आणि शेतातल्या मुरमाच्या वाटेलाही. गिअर नसले तरी बिघडत नाही, या टापूत चढ आहेत पण घाट नाहीत. ब्रेक मात्र दोन्ही लागले पाहिजेत.

पंक्चरचं सामान सोबत ठेवा. गावाच्या नाक्यावर पंक्चरवाला असतो, पण त्याच्याकडे काम ट्रॅक्टरचं आणि मोटरसायकलचं. महागड्या सायकलींना जे बारीक, लांब नोझल असतं त्याला त्याच्या हवेच्या पाइपचं तोंड बसत नाही. त्यासाठी छोटं पितळी ॲडॉप्टर मिळतं, ते कीचेनला लावून टाका. मी हे शिकलो ते सहा किलोमीटर सायकल ढकलून. उलट आजोबांच्या काळ्या सायकलीची रबरी वॉलट्यूब आजही खेड्यातल्या दुकानात सहज मिळते.

बाकी: हेल्मेट, मागे लाल दिवा, दोन बाटल्या पाणी, गूळ-शेंगदाणे, सुटे पैसे, वही, पेन्सिल (पेनची शाई घामाने पसरते), एक छोटी विजेरी. विजेरी कशाला ते पुढे येईल.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भात कापून, झोडून घरात आलेलं असतं, खाचरं मोकळी असतात म्हणून बांधावरचे दगड दिसतात, आणि गिरण्या जोरात असतात. पावसाळ्यात हिरवाई सुंदर दिसते हे खरं, पण गवतात काही सापडत नाही आणि लोकांना आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तुमच्याशी बोलायला वेळ नसतो.

पहिली फेरी घराजवळ

नवी मुंबईकरांनी पहिला रविवार आपल्याच गावठाणांत घालवावा. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, आलं १९७० साली. त्याआधी इथे शहर नव्हतं, पण माणसं होतीच. नवी मुंबई प्रकल्पासाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. घणसोली, गोठिवली, तळवली, रबाळे ही गावं सेक्टरच्या चौकोनांमध्ये अजून आपापल्या वाकड्या गल्ल्या धरून आहेत. सरळ रस्ता संपून गल्ली वळायला लागली की गावठाण सुरू झालं असं समजा. तिथे सायकल हाताने धरून चाला. बुजवलेली किंवा जाळी लावलेली विहीर, गावदेवी, एखादं कौलारू घर. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. तेव्हा तरुण असलेली माणसं या गल्ल्यांत आज आजोबा म्हणून ओट्यावर बसलेली असतात.

बेलापूरचा किल्लाही बघून घ्या. पनवेलच्या खाडीच्या तोंडावरचं हे ठाणं पोर्तुगीज, मराठे, इंग्रज अशा हातांतून गेलं. आता बुरुजाचे अवशेष उरलेत. शेजारीच दिवाळे कोळीवाडा. एवढ्या फेरीत पंधरा-वीस किलोमीटर होतात आणि कुठे काय दुखतं ते कळतं.

दुसरी फेरी: गांधारी पुलापलीकडे

ठाण्याहून कशेळी, काल्हेर, अंजूरफाटा ही वाट नकाशावर सोपी दिसते आणि मोहही होतो, कारण अंजूर म्हणजे गंगाजी नाईकांचं गाव. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांची पोर्तुगिजांविरुद्ध साष्टी-वसईची मोहीम झाली, त्यामागे ज्या स्थानिकांची खटपट होती त्यांत गंगाजी आघाडीवर होते. पण तो सगळा पट्टा आता गोदामांचा आहे आणि रस्ता कंटेनरचा. नवख्याने पहिल्या महिन्यात तिकडे जाऊ नये. समृद्धी महामार्गाचा तर विचारच नको, तिथे दुचाकीलाही बंदी आहे.

त्यापेक्षा कल्याण पश्चिमेला या. सायकल गाडीच्या मागे लावून आणणार असाल तर गाडी गांधारी पुलाच्या अलीकडेच सोडा. दलाल समजलं जायचं नसेल तर एवढं कराच. पहाटे साडेपाच-सहाला पूल ओलांडा. खाली उल्हास नदी, थंडीत तिच्यावर धुकं असतं. पुढे बापगाव, आणि पडघ्याच्या दिशेने जाताना लोणाडचा फाटा. अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेर. नवख्याचा वेग ताशी बारा किलोमीटर धरला तरी सूर्य वर येईपर्यंत पोचता.

लोणाडला एका टेकडीत बौद्ध लेणी आहेत. गावाच्या लेखी ती खांडेश्वरी देवीची जागा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तिथे जाऊन कुणालाही दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. चप्पल काढा, नमस्कार करा, मग व्हरांड्यातला राजदरबाराचा कोरीव पट्ट निवांत बघा. गावात पडीक शिवमंदिर आहे, शिलाहारांच्या, म्हणजे उत्तर कोकणच्या जुन्या राजघराण्याच्या, काळातलं. आणि शेजारच्या चौधरपाड्याचं नाव इतिहासात आहे ते तिथल्या शिलालेखामुळे: शिलाहार राजा केशिदेवाचा, शके ११६१चा, ब्रह्मपुरी नावाचं गाव दान दिल्याचा.

शकाचं सन करायला ७८ मिळवतात, हे पाठ असू द्या. तिथी पौषाचा शेवट, माघ किंवा फाल्गुनातली असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी वर्ष पालटलेलं असतं. चौधरपाड्याच्या लेखाची तिथी माघातली शिवरात्र, म्हणून तो १२४०चा. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२च्या श्रावणातला, म्हणून १०६०. ही आकडेमोड बांधावर उभं राहून जमली की भारी वाटतं.

दगड बघताना

या भागात तीन तऱ्हेचे दगड भेटतील. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्याची आठवण: खालून वर कप्पे, खाली लढाई, वर स्वर्ग. गद्धेगाळ म्हणजे दानपत्राचा दगड: वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख, खाली गाढवाचं अश्लील शिल्प. दान मोडेल त्याला आणि त्याच्या घराला दिलेली ती शिवी आहे, आणि वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्रात दिलेली. तिसरा प्रकार नुसता शेंदूर फासलेला तांदळा, ज्याच्यावर काहीच कोरलेलं नसतं. माझ्या मते सगळ्यात बोलका तोच, कारण त्याच्याबद्दल पुस्तकात काही नसतं आणि गावात प्रत्येकाकडे गोष्ट असते.

पुसट अक्षरं वाचायला दगडावर खडू, पीठ, हळद, तेल काहीही लावू नका. सकाळचं तिरपं ऊन पुरतं. सावलीत असेल तर विजेरी दगडाला जवळपास टेकवून एका बाजूने प्रकाश टाका, खोलगट अक्षरं उठून येतात. दगड हलवू नका, उलटा तर मुळीच करू नका. गद्धेगाळाखाली धन असतं या समजुतीने किती तरी दगड उखडले गेलेत आणि तुम्ही त्याच कामाला आलात असं वाटलं तर संवाद तिथेच संपेल.

आता गिरणी

मी ज्या गिरणीवर जातो तिच्या गावाचं नाव लिहीत नाही. गिरणीवाल्या काकांनी तसं सांगितलंय: "चार माणसं आली तं बरं वाटतं, चाळीस आली तं भरडायचं कवा?" पण तुमची गिरणी तुम्हाला सापडेल. पत्र्याची किंवा कौलांची लांबट शेड, मागे तुसाचा पिवळट डोंगर, दाराशी पोती आणि चिमण्या. सकाळी मोटरसायकलवर दोन पोती आडवी टाकून कुणी चाललेला दिसला की त्याच्या मागे जा.

जाण्याआधी एकच चौकशी करा, गिरणी त्या दिवशी चालू आहे का. दुरुस्तीसाठी वीज जाते त्या वारी ती बंद असते. दुपारी एक ते तीन जेवणाची वेळ. नऊ ते अकरा उत्तम.

पोचल्यावर सायकल बाहेर टेकवा, काकांना हाक मारा, आत शिरायच्या आधी परवानगी घ्या. आणि कपडे बघा: लोंबणारी ओढणी, मफलर, सुटलेली बुटाची नाडी, गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा, सगळं आवरा. गिरणीचा पट्टा उघडा फिरतो. त्याच्या रेषेत उभं राहू नका, तो निसटला किंवा तुटला तर त्याच रेषेत येतो. मी पहिल्या दिवशी फोटोच्या नादात एक पाऊल पुढे टाकलं, तर पोत्यावर बसलेल्या मावशींनी दंडाला धरून मागे ओढलं. बोलल्या काहीच नाहीत, फक्त भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे उभं राहायचं असतं.

आत दोन यंत्रं आहेत. नवं रबराच्या रोलांचं: दोन रोल उलट दिशांना, कमी-जास्त वेगाने फिरतात, दाणा मधून जाताना घासला जातो आणि तूस सुटतं, पंखा ते उडवून मागच्या ढिगावर टाकतो. जुनं आहे हलर. लोखंडी, बुटकं, गावठी तोफेसारखं दिसणारं. आत कंगोरे असलेला लोखंडी रूळ, भोवती जाळी, कडेला एक पातं. भात वरून पडतं, रूळ ते जाळीवर आणि एकमेकांवर घासतो, तूस आणि कोंडा एकत्रच जाळीतून खाली. तांदूळ जास्त तुटतो, कणी जास्त पडते. तरी म्हातारी माणसं हलरवरच घालायला सांगतात. का, असं मी विचारलं, तर काका म्हणाले, "त्यांना तो कोंडा म्हशीला पायजे. आणि कणी तं भाकरीला लागतेच."

क्विंटलभर भातातून चांगला तांदूळ साधारण ६५ ते ७० किलो निघतो, तूस वीसेक किलो, बाकी कोंडा. पण हा हिशोब भात नीट वाळलेलं असेल तर. काका पोतं उघडल्यावर आधी दाणा दाताखाली धरतात. कट् असा आवाज आला तर ठीक. नुसता चेपला तर ओलं, परत न्या. ऊन जास्त लागलेला दाणा मात्र आवाज चांगला करतो आणि यंत्रात तुकडे होतो, तो फरक त्यांना कळतो, मला चार हिवाळे जाऊनही कळत नाही. मग स्क्रू पाव फेरा फिरवून पात्याची फट बसवतात, पहिली ओंजळ तळहातावर चोळतात, फुंकर मारतात, परत पाव फेरा.

वीज गेली की खरी मजा. कोपऱ्यात संथ चालीचं डिझेल इंजिन आहे, राजकोटचं, इंग्रजी लिस्टर इंजिनाच्या धाटणीचं. डोक्यावरचा छोटा दांडा उचलून आतला दाब सोडतात, हँडल घालून जड चाक फिरवतात, चाकाने वेग घेतला की दांडा खाली. टुक. टुक. टुकटुकटुक. मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फेरे, त्यामुळे प्रत्येक ठोका पायाला कळतो. तिथून पट्टा निघतो तो मध्ये इंग्रजी आठासारखा आडवा-तिडवा होऊन. मला वाटलं चुकून पीळ पडलाय. तसं नाही: आठ केला की पुढचं चाक उलट दिशेला फिरतं, आणि पट्टा चाकाला जास्त मिठी मारतो म्हणून सटकत नाही.

पण माझ्या आवडीची वस्तू या गिरणीतली भिंत आहे. चुन्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेले पोत्यांचे हिशोब, नुसती आद्याक्षरं आणि उभ्या रेघा. आणि दारामागे दोन आडव्या खुणा. वरची २६ जुलै २००५ची, माझ्या खांद्याच्या वर. खालची २०१९च्या जुलैची, कमरेला. काळू नदीचं पाणी इतकं वर आलं होतं. कुठल्याही दप्तरात ही नोंद नसेल. ती पुढच्या रंगकामात जाणार म्हणून मी टेप लावून उंची मोजून ठेवलीय.

काय विचारायचं

"इतिहास सांगा" म्हटलं की लोक शिवाजी महाराजांपासून सुरू करतात, तेही शाळेच्या पुस्तकातलं. त्याऐवजी पोत्याकडे बघून विचारा. गिरणी यायच्या आधी भात कुठे भरडायचे? घिरट, म्हणजे भात भरडायचं मोठं जातं, कुणाच्या घरी होतं? (असेल तर "माळ्यावर पडलंय" असं उत्तर येतं आणि तुम्हाला वर नेऊन दाखवतात.) तुमच्याकडे किती पायल्यांचा मण, बाराचा की सोळाचा? वीस मणांची खंडी बहुतेक ठिकाणी, पण मणाचं मोजमाप गावागणिक बदलतं, आणि त्यावरून वाद होतो. वाद झाला की वही बाहेर काढा, उत्तम माहिती वादात येते.

सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर खंडाबद्दल विचारा. जमीन कसणारं कूळ मालकाला पिकाचा वाटा भातात द्यायचं, तो खंड. कूळकायदा १९४८चा, आणि १ एप्रिल १९५७ला, कृषकदिनी, कसणारा जमिनीचा मालक धरला गेला. कागदावर हे दोन ओळींचं. एका आजींनी सांगितलं की त्यांचे वडील खंडाचं भात बैलगाडीने मालकाच्या वाड्यावर पोचवायचे आणि रिकामी पोती झटकून घरी आणायची, कारण झटकल्यावर पडणारे दाणे आपले. हे सांगताना त्यांनी समोरचं पोतं उचलून झटकून दाखवलं. पाच-सहा दाणे पडले, ते वेचून परत पोत्यात टाकले.

घरी आल्यावर

त्याच दिवशी लिहा, उद्यावर टाकलं की बोललेले शब्द जाऊन तुमचे शब्द येतात. तारीख, गाव, कोण बोललं, नाव लिहू का असं विचारलं होतं का. दगडाच्या फोटोत मापासाठी पेन्सिल ठेवलेली असू द्या. मग १८८२चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर काढा, ते इंग्रजीत आहे आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतं. त्यात तुमच्या गावाची नोंद शोधा आणि गिरणीवर ऐकलेल्याशी ताडून बघा. जुळलं तर छान. जुळलं नाही तर दोन्ही लिहून ठेवा, लगेच गॅझेटियरला खरं ठरवू नका, ते लिहिणाऱ्या इंग्रज साहेबाला कुणी काय सांगितलं आणि का सांगितलं तेही बघायला हवं.

सुट्या मूर्तीचं किंवा वीरगळाचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका, चोरीला जातात. नवं काही सापडलं तर आधी ग्रामपंचायतीला सांगा, मग राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.

पुढच्या फेरीला फोटोंच्या छापील प्रती घेऊन जा. मोबाइलवर पाठवलेला फोटो हरवतो, छापील फोटो गिरणीच्या भिंतीवर लागतो.

आणि निघताना तांदूळ विकत घ्या, निदान पाच किलो. हलरचा असेल तर थोडी कणीही. पिशवी हँडलला लटकवू नका, वळणावर चाकात जाते. अडीच-अडीच किलोच्या दोन पिशव्या करून कॅरियरच्या दोन बाजूंना, जमेल तितक्या खाली, ट्यूबच्या जुन्या पट्टीने आवळून बांधा. पहिल्या गतिरोधकानंतर थांबून गाठ एकदा बघा. माझी पहिली पिशवी बापगावच्या अलीकडे सुटली होती, आणि मागून येणारी शाळेची मुलं अर्धा किलोमीटर तांदळाची रेघ धरून मला सांगायला आली.